पावसाची वाट बघताना : ऋतूंप्रमाणे आमचा योग



सात-आठ जूनला मृग निघतो. त्या दिवसापासून आपल्या माणदेशात प्रत्येक घरातलं माणूस सकाळी उठून आधी आभाळाकडे बघतं. ढग येतात, काळे होतात, वारा सुटतो आणि ढग पुढे निघून जातात. आपल्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सह्याद्रीच्या या अंगाला, माण-खटावात, पाचशेच्या आसपास झाला तरी आपण म्हणतो, यंदा बरं झालं. हे आपल्या पिढीचंच नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्या-सासवांनी दुष्काळी कामावर खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले.

वाट बघण्याचे हे दिवस फार वाईट असतात. हातात काम नसतं, पण डोकं थांबत नाही. बियाणं आणलेलं असतं, त्याची उधारी असते, पोरांच्या शाळा सुरू झालेल्या असतात आणि गटाचा हप्ता तारखेला हजर असतो. झोप लागत नाही, पित्त खवळतं, पोरांवर हात उठतो. नंतर आपल्यालाच वाईट वाटतं.

आज आम्ही याच दिवसांबद्दल बोलणार आहोत. ऋतू बदलतो तेव्हा आणि दिवस अवघड येतात तेव्हा शरीर नि मन ठिकाणावर ठेवायला आमच्या गटाने योगाचा आधार कसा घेतला, ते सांगणार आहोत. आम्ही काही योगशिक्षिका नाही. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी आणि तिथे येणाऱ्या योगताईंनी जे शिकवलं, ते आम्ही काही वर्षं करून बघितलं. त्यातलं जे टिकलं तेच तुमच्यापुढे ठेवतो.

राबतो तेवढं पुरे नाही का?

पहिल्या दिवशी आमच्यातल्या निम्म्या जणी हसल्या होत्या. एक काकी म्हणाल्या, "दिसभर खुरपून कंबर मोडती. आता ह्या वयात आनि कसला योग गं?" प्रश्न रास्त होता. आपण पहाटेपासून रात्रीपर्यंत हलतच असतो.

पण आपण कशा हलतो ते बघा. खुरपायला बसलो की पुढे वाकलेलो. भाकरी थापताना, धुणं धुताना, शेण काढताना, शाळू उपटतानाही पुढेच वाकलेलो. डोक्यावर हंडा किंवा वैरणीचा भारा असला की मान आखडलेली. दिवसभरात शरीर मागे एकदाही वळत नाही. उजव्या हाताचं विळं-खुरपं डाव्या हातात जात नाही. म्हणजे एका अंगाला झीज आणि दुसऱ्या अंगाला गंज. आणि काम करताना श्वास कसा चाललाय, याकडे तर आपलं लक्षच नसतं. जड उचलताना आपण तो चक्क रोखून धरतो.

योगात दोन गोष्टी वेगळ्या असतात. शरीर ज्या बाजूला कधी वळत नाही, त्या बाजूला ते हळू वळवायचं. आणि वळवताना श्वासावर ध्यान ठेवायचं. कामाने अंग थकतं आणि योगाने ते मोकळं होतं, असा फरक आम्हाला करून बघितल्यावर कळला.

त्या काकींनी पहिल्यांदा एकच गोष्ट केली. खुरपणीत दर तासाला बांधावर उभं राहायचं, पाय थोडे फाकवायचे, दोन्ही तळहात कमरेवर मागून टेकवायचे आणि श्वास घेत हळू मागे कलायचं, श्वास सोडत सरळ व्हायचं. असं पाच वेळा. मान मागे टाकून द्यायची नाही, नजर समोरच ठेवायची. पंधरा दिवसांनी त्या बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "रात्री कूस बदलताना आता वरडत न्हाई मी."

छावणीतून सुरुवात झाली

खरं सांगायचं तर आमचा योग नेमाने सुरू झाला तो २०१९ च्या उन्हाळ्यात. आदल्या साली पावसाने दगा दिला होता. विहिरी तळाला गेल्या होत्या आणि जनावरं चारा छावणीवर न्यावी लागली. आमच्या गटातल्या चौघी गुरांबरोबर छावणीवरच राहत होत्या. चारा घ्यायला रांग आणि पाणी भरायलाही रांग, वर तट्ट्याची सावली आणि रात्री डास.

गावात राहिलेल्यांचीही गत बरी नव्हती. दोघींचे हप्ते थकले. बैठकीत एक वहिनी दुसरीला सगळ्यांसमोर म्हणाली, "लग्नातल्या आहेराला पैसं हायत, आनि हप्त्याला न्हाईत व्हय?" दुसरी रडत उठून गेली. पुढच्या दोन बैठका झाल्याच नाहीत. दहा वर्षांचा गट त्या उन्हाळ्यात मोडता मोडता राहिला.

तिसऱ्या वेळी छावणीवरून आमच्या अक्का आल्या. गटातल्या त्या सगळ्यात थोरल्या. त्या म्हणाल्या, "आज आदी पाच मिंटं कुनी बोलायचं न्हाई. डोळं मिटा आनि निस्ता श्वास मोजा. मंग काय भांडायचं ती भांडा." छावणीवर त्यांना रात्री झोप येत नव्हती, तेव्हा नर्सबाईंनी शिकवलेलं हेच त्या करत होत्या.

आम्ही बसलो. दोघी-तिघींना हसू फुटलं, एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाच मिनिटांनी डोळे उघडले तेव्हा भांडण संपलेलं नव्हतं. पण आवाज खाली आले होते. मग पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की हप्ता का थकला. तेव्हा कळलं की आहेर माहेरच्यांनी दिला होता आणि घरातली दुभती म्हैस आधीच विकली गेली होती. त्या दिवशी आम्ही ठरवलं की थकलेले दोन हप्ते गटाच्या बचतीतून भरायचे, त्या दोघींनी ते दिवाळीनंतर थोडे थोडे फेडायचे आणि बँकेकडे मुदत वाढवून मागायची. सगळं इतिवृत्तात लिहिलं, सह्या झाल्या.

पाच मिनिटांच्या श्वासाने पैसे आले नाहीत. पण पैशांवर धड बोलता आलं. तेव्हापासून आमची प्रत्येक बैठक अशीच सुरू होते.

श्वास मोजल्याने होतं काय?

शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे श्वास साधारण मिनिटाला बारा ते वीस असतात. घाबरलो, चिडलो की ते वाढतात आणि उथळ होतात. छाती धडधडते, पोटात गोळा येतो, तळहात घामेजतात. अंगावर कुत्रं धावून आलं तर ही तयारी कामाची असते, कारण तेव्हा पळायचं असतं. पण उधारीच्या काळजीने शरीर दिवसरात्र असंच तयारीत राहिलं तर झोप जाते, भूक जाते, रक्तदाब वाढतो.

धडधड आपण हुकूम देऊन थांबवू शकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपण ठरवूनही चालवू शकतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके जरा जलद होतात आणि सोडताना जरा मंदावतात. म्हणून सोडायचा श्वास लांब केला की शरीराला समजतं, धोका टळला. चार अंक मोजत घ्यायचा आणि सहा अंक मोजत सोडायचा. एक श्वास दहा अंकांचा झाला, म्हणजे मिनिटाला साधारण सहा. दम लागत असेल तर तीनला घ्या, चारला सोडा. ओढाताण करायची नाही.

हे कुणी आजकाल काढलेलं नाही. ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन आणि योगाभ्यासाचं वर्णन मराठीतच करून ठेवलंय. लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो ते यंत्रांवर मोजून बघायला सुरुवात केली. आणि सूर्यनमस्कार तर आपल्या शेजारचेच. खटाव तालुक्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत. त्यांनी संस्थानच्या शाळांमधून ते सुरू केले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. योग शहरातल्या लोकांचा, असं आता कुणी म्हणालं तर औंधच्या यमाईचं नाव घ्या आणि सांगा, तो आमच्या अंगणातलाच आहे.

ऋतू जोडतो तिथे जपायचं

आपल्याकडे सहा ऋतू मानतात : वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत आणि शिशिर. एक ऋतू संपून दुसरा लागतो त्या काळाला आयुर्वेदात ऋतुसंधी म्हणतात. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्याचे पहिले सात, असे हे चौदा दिवस. या दिवसांत आधीची सवय एकदम तोडायची नाही आणि नवी एकदम धरायची नाही, हळूहळू बदल करायचा, असं वाग्भटाने सांगितलं आहे.

आपला अनुभवही तोच आहे. पहिल्या पावसाच्या आठवड्यात घरोघरी सर्दी-खोकला आणि पोट बिघडणं असतं. पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन तापलं की पित्त आणि डोकेदुखी. थंडी पडली की सांधे धरतात. म्हणून आम्ही ठरवलं की योगही बारा महिने एकसारखा करायचा नाही. आयुर्वेद म्हणतो, थंडीत आणि वसंतात व्यायाम आपल्या ताकदीच्या निम्मा करावा, बाकीच्या ऋतूंत त्याहून कमी. निम्मी ताकद ओळखायची कशी? कपाळावर घाम आला, तोंड कोरडं पडायला लागलं की थांबायचं.

उन्हाळा

होळी झाली की वेळ बदला. ऊन अंगावर यायच्या आत, पहाटेच करून मोकळ्या व्हा. सूर्यनमस्कार कमी करा किंवा बंद ठेवा. हातपाय मोकळे करणं, पाठ थोडी मागे-पुढे वळवणं आणि शेवटी पाच मिनिटं शवासन एवढं पुरे.

या दिवसांत शीतली करून बघा. जीभ बाहेर काढून पन्हाळीसारखी गोल करायची, त्यातून श्वास आत ओढायचा, तोंड मिटायचं आणि नाकाने सोडायचा. काहींची जीभ वळतच नाही, त्यांनी दात जुळवून दातांच्या फटीतून श्वास घ्यावा, त्याला सीत्कारी म्हणतात. आठ-दहा वेळा केलं की घशाला गारवा जाणवतो. पण धूळ उडत असेल तिथे हे करू नका, कारण नाक धूळ अडवतं, तोंड अडवत नाही. दमा किंवा सर्दी असेल तरीही नको.

आणि एक लक्षात ठेवा. शीतलीने ऊन बाधायचं थांबत नाही. पाणी पिणं, डोक्यावर ओलं फडकं घेणं आणि दुपारी बारा ते तीन सावलीत थांबणं हाच खरा बचाव. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवा. चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा. कुणी उन्हात बरळायला लागली, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तिला सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पावसाळा

२१ जूनला योग दिवस असतो. २०१५ पासून जगभर साजरा होतो. वर्षातला हा सगळ्यात मोठा दिवस, आणि पाऊस वेळेवर आला असेल तर आपल्याकडे त्याच वेळी बाजरी, मटकी पेरायची घाई. शाळेच्या मैदानावर फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी सतरंजी माळ्यावर जाते. आम्हीही दोन वर्षं तेच केलं. मग ठरवलं की पावसाळ्यात दहाच मिनिटं, पण चुकवायची नाहीत.

पावसाळ्यात भूक मंदावते, पोटात वारा धरतो. त्यासाठी पवनमुक्तासन. उताणं झोपून एक गुडघा दोन्ही हातांनी पोटाशी घ्यायचा, श्वास सोडत थोडा दाबायचा, श्वास घेत सोडायचा. उजवा, मग डावा, पाच-पाच वेळा. गरोदर बाईने आणि पोटाचं ऑपरेशन होऊन फार दिवस झालेले नसतील तिने हे करायचं नाही. जमीन ओली असते म्हणून खाली आधी गोणपाट टाका, त्यावर सतरंजी. चिखलात उभं राहून पाय आखडतात, त्यासाठी झोपण्याआधी घोटे दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा फिरवा, पायाची बोटं आवळा आणि सोडा.

आणि पाऊस दडी मारतो तेव्हा? पेरलेलं उगवून सुकायला लागतं, त्या दिवसांत आम्हाला भ्रामरीचा मोठा आधार वाटतो. ताठ बसायचं, डोळे मिटायचे, कानाच्या भोकापुढची छोटी पाळी बोटाने हळू दाबून कान बंद करायचे, श्वास घ्यायचा आणि सोडताना ओठ मिटून भुंग्यासारखा आवाज काढायचा. सहा वेळा. सगळ्या एकदम केलं की समाजमंदिर घुमतं. कान वाहत असेल किंवा ठणकत असेल तर कान न दाबता नुसता आवाज काढा. बाहेर पाऊस नसतोच, पण रात्री दोन तास जास्त झोप लागते. सकाळी उठून दुबार पेरणीचा हिशेब करायला डोकं जाग्यावर असतं.

शरद, म्हणजे ऑक्टोबरचं ऊन

आपल्याकडे खरी मदार परतीच्या पावसावर. बाजरी काढायची, शाळू पेरायचा, नवरात्राचे उपास आणि दिवाळीचा खर्च हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं. ऊन कडक, हवा कोंदट, पित्त वर. या महिन्यात आम्ही अनुलोम-विलोम करतो. उजव्या अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून डावीने श्वास घ्यायचा. मग अनामिकेने डावी बंद करून उजवीने सोडायचा. उजवीनेच घ्यायचा, डावीने सोडायचा. हे एक आवर्तन. अशी दहा. श्वास मध्ये कोंडून धरायचा नाही, निदान शिकवणारं कुणी समोर नसेल तेव्हा नाहीच.

उपास निर्जळी असेल तर त्या दिवशी आसनं करू नका, नुसता श्वास मोजा. उपास आणि राबणं दोन्ही एकदम केल्याने चक्कर येऊन पडलेल्या दोघी आम्ही स्वतः बघितल्या आहेत.

हिवाळा

थंडीत भूक चांगली लागते, ताकद असते. सूर्यनमस्काराचा हाच काळ. रथसप्तमीला तर ते आवर्जून घालतात. एका नमस्कारात बारा स्थिती असतात. सगळा क्रम एकदा कुणाकडून तरी समोर बसून शिका, ऐकून शिकू नका. खूण एवढीच की छाती उघडते, मागे वळतो तेव्हा श्वास आत आणि पुढे वाकतो तेव्हा बाहेर. पहिल्या आठवड्यात तीन घाला, मग पाच, मग सात. बारा व्हायला दोन महिने लागले तरी हरकत नाही. नऊवारीचा काष्टा असेल तर उत्तमच, पाचवारी असेल तर आत सलवार घाला. पोट रिकामं हवं. जेवणानंतर तीन तास जाऊ द्या.

सकाळी सांधे आखडलेले असतात, म्हणून आधी चुलीपुढे बसूनच खांदे, मनगटं, मान हळू फिरवा. माघात शाळूची काढणी सुरू होते. उपटताना कमरेतून झटका देऊ नका, गुडघे वाकवून श्वास सोडत ओढा.

ऊसतोडीला गेलेल्या मैत्रिणींसाठी

दसरा झाला की आपल्यातल्या कितीतरी जणी कोयता घेऊन निघतात. फडावर पहाटे तीनला उठणाऱ्या बाईला आम्ही सूर्यनमस्कार घाला असं सांगणार नाही. त्यांनीच आम्हाला सांगितलं की काय जमतं. मोळी डोक्यावर घेण्याआधी एक लांब श्वास, उचलताना सोडायचा. गाडी भरून झाली की दोन्ही हात वर ताणून पाच श्वास. आणि रात्री कोपीत पाठ टेकल्यावर वीस श्वास मोजायचे. त्यातली एक म्हणाली, "इसापत्तुर कधी पोचतच न्हाई, आदीच झोप लागती." सोबत काहीच न्यावं लागत नाही, म्हणून हे फडावरही टिकलं.

कुणी काय टाळायचं

रक्तदाब, हृदयाचा त्रास, हर्निया असेल किंवा दिवस गेलेले असतील तर कपालभाती आणि श्वास कोंडणं नको. रक्तदाबाची गोळी योगामुळे आपल्या मनाने बंद करायची नाही. पाळी चालू असताना जड वाटत असेल तर नुसता श्वास आणि शवासन. गरोदर बाईने शवासन डाव्या कुशीवर करावं.

आणि एक गोष्ट, जी आपण बोलत नाही. बाळंतपणानंतर लवकर जड उचलल्याने कितीतरी जणींचं अंग बाहेर येतं, शिंकताना लघवी होते. त्यांनी उड्या मारणं, पोटाला झटके देणं टाळावं. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते पाच अंक आवळून धरायचे, पाच अंक सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे भाकरी करतानाही करता येतं, कुणाला कळत नाही. मात्र प्रत्यक्ष लघवीला बसल्यावर करू नका. आणि लाज न धरता डॉक्टरणीला दाखवा.

योगाने काय होत नाही

हे आम्ही मुद्दाम सांगतो. योगाने पाऊस पडत नाही, कर्ज फिटत नाही. आणि शांत बसणं म्हणजे सोसत राहणं नव्हे. आमच्या गटातल्या एकीला घरात मारहाण होत होती. ती रोज सगळ्यात आधी येऊन डोळे मिटून बसायची आणि आम्हाला वाटायचं, किती छान मन लागलंय हिचं. एक दिवस तीच म्हणाली, "हितं बसल्यावर मला पयल्यांदा समजलं की मी किती भ्याली हाय." मग आम्ही तिच्याबरोबर गेलो, जिथे जायला हवं होतं तिथे. महिलांसाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे, तो पाठ ठेवा.

दुसरी एक होती, पीक गेल्यावर जिचं खाणं-बोलणंच थांबलं. आम्ही तिला प्राणायामाला बसवलं, दोन आठवडे वाट बघितली. ते दोन आठवडे आम्ही वाया घालवले असं आज वाटतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कुणाचं मन लागत नसेल, झोप-भूक गेली असेल तर तिला दवाखान्यात न्या. आणि जगण्यात अर्थ नाही असं कुणी एकदाही बोललं तर एक दिवसही थांबू नका, तिला एकटी सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो. ती आज औषध घेते आणि आमच्यात श्वासही मोजते. दोन्ही लागतं.

आता सुरुवात कशी करायची?

गटात बचत कशी सुरू झाली ते आठवा. कुणीच पहिल्या महिन्यात हजार रुपये आणले नव्हते. थोडी रक्कम, पण ठरल्या दिवशी. योगाचंही तसंच. येत्या बैठकीत इतिवृत्त वाचायच्या आधी पाच मिनिटं बसा. पायावर बसवत नसेल तिने भिंतीला टेकून पाय लांब करावेत. श्वास चारला आत, सहाला बाहेर. दोघी-दोघींच्या जोड्या लावा, एकमेकींना रोज विचारायचं, आज केलंस का गं? नाही केलं तर रागवायचं नाही, उद्या कर म्हणायचं. आमच्या बचतीच्या वहीत मागच्या पानावर आम्ही रोजची खूण करतो. त्यात रिकाम्या चौकटी पुष्कळ आहेत, पण वही बंद पडलेली नाही.

अक्का आता पंचाहत्तरीला आल्या. परवाच्या बैठकीला त्या सगळ्यांत आधी सतरंजी टाकून बसल्या होत्या. आभाळ भरून आलं होतं, पडेल की जाईल ते कळत नव्हतं. आम्ही सगळ्या दाराकडे बघत होतो. अक्का म्हणाल्या, "आभाळाचं आभाळ बघंल. तुमी बसा." आम्ही बसलो. त्या दिवशी पाऊस आला नाही. बैठक झाली, बचत जमा झाली, दोघींच्या कर्जाचे अर्ज मंजूर झाले आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या घरी गेलो.

तुमच्या गटात काय चालतं ते आम्हालाही कळवा.